पदवी नसताना इंग्रजी शिकवायचे असेल, तर आधी विद्यार्थी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय सव्वीस, राहणे कळव्याला, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून. बी. कॉम.चे पहिले वर्ष उत्तीर्ण झाल्यावर घरच्या अडचणीमुळे महाविद्यालय सुटले. पुढे ऐरोलीच्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे काम केले, त्यात इंग्रजी सुधारले, नव्याने कामावर आलेल्या मुलांची तयारी करून घेण्याचे काम वरिष्ठांनी तुमच्यावर टाकले आणि त्यातच गोडी लागली. आता ती नोकरी सोडून इंग्रजी शिकवणे हाच व्यवसाय करावा असे वाटते. एक संस्था १२० तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र ‘पदवीची अट नाही, परदेशात नोकरीची हमी’ असे सांगून देऊ करते आहे आणि तिच्या सवलतीच्या फीची मुदत संपत आली आहे. घरचे म्हणतात, आधी पदवी पूर्ण कर. पैसे प्रमाणपत्रात घालावेत की पदवीत, की पदवीशिवाय हा व्यवसाय करताच येत नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्यात नौपाडा भागात प्रौढांना इंग्रजी शिकवते, आणि आमच्याकडे नव्याने शिकवायला येणाऱ्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसून निरीक्षण करण्याचे कामही माझ्याकडे असते. शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी बारावी होते; पदवी नंतर, शिकवता शिकवता, मुक्त विद्यापीठातून घेतली. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत. या अनुभवावरून मला असे वाटते की तुम्ही प्रश्नाची मांडणी जरा बदलायला हवी. पदवी लागते की नाही, याचे एकच एक उत्तर नाही, कारण पदवी शिकणारा मागत नाही. ती मागतो शाळेला मान्यता देणारा नियम, किंवा व्हिसा देणारा देश, किंवा या दोघांच्या भीतीने कागदपत्रे तपासणारी संस्था. म्हणून तुम्हाला कोणाला शिकवायचे आहे हे आधी ठरले, तर पदवी लागेल की नाही हे आपोआप ठरते, आणि पैसे कुठे घालायचे तेही.

शाळेपासून सुरुवात करते, कारण तिथे गैरसमज सर्वांत जास्त आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला आणि त्याखाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१० मध्ये शिक्षकांची किमान पात्रता ठरवून दिली. त्यानुसार पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बारावी, सर्वसाधारण गटाला किमान ५० टक्के गुण, दोन वर्षांची डी. एल. एड. पदविका (आपल्याकडे तिला अजूनही सगळे डी. एड.च म्हणतात) आणि शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी लागते. यात पदवी कुठेच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी. एड. ही पात्रता ग्राह्य नाही असा निकाल दिला, त्यामुळे या पदविकेला उलट वजन आले. सहावीपासून वर मात्र पदवी लागते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी. एड. हीच किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट आहे, तेव्हा हा दरवाजा कायम उघडा राहील असे धरून चालू नये. आणि एक व्यावहारिक गोष्ट अशी की आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून असले, तरी प्राथमिकचा शिक्षक फक्त इंग्रजीचा नसतो; त्याला गणित आणि परिसर अभ्यासही शिकवावा लागतो. तुम्हाला आवड लागली ती मोठ्या माणसांना बोलते करण्याची. ती आवड दुसरीच्या वर्गात टिकेल का, याचे उत्तर तुमच्याजवळच आहे.

शाळा नाही तर कोचिंग क्लास, असे पुष्कळ जण म्हणतात. इथे एक बदल लक्षात घ्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांच्या नियमनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पदवीपेक्षा कमी शिक्षण असलेला शिक्षक नेमू नये आणि सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या, शालेय वा महाविद्यालयीन अभ्यासक्रमाची किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या केंद्रांसाठी आहेत, आणि त्या लागू करणे राज्यांच्या हाती आहे. घरी सहा प्रौढांना बोलण्याचा सराव देणारा माणूस त्यांच्या व्याख्येत बसत नाही. पण मोठ्या क्लासचे चालक तेव्हापासून सावध झाले आहेत, आणि दहावी-बारावीचे इंग्रजी शिकवण्यासाठी ते पदवीधरच शोधतात. तुम्हाला तिथून नकार आला, तर तो तुमच्या इंग्रजीला आलेला नकार समजू नका.

आता परदेश, ज्याच्या आशेवर ती संस्था तुम्हाला प्रमाणपत्र विकते आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापक आर्थिक करारामुळे सरकारी शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून जाता येते, पण त्यासाठी पदवी आणि शिक्षकी पेशाचे प्रमाणपत्र दोन्ही लागतात. चीन, व्हिएतनाम आणि थायलंडच्या शाळा यांच्याकडेही कामाच्या कायदेशीर परवान्यासाठी पदवी मागतात, संयुक्त अरब अमिरातीच्या शाळांत ती साक्षांकित करून द्यावी लागते, आणि जपानमध्ये पदवी नसेल तर त्याऐवजी बऱ्याच वर्षांचा अनुभव कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. कंबोडियासारख्या मोजक्या ठिकाणी पदवीविना काम मिळते, पण भारतीय पासपोर्टवर, मराठी नावाने, अनुभवाशिवाय ते किती सहज मिळेल याविषयी मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. तिथे अजूनही गोऱ्या चेहऱ्याला शिक्षक समजण्याची खोड गेलेली नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच काम शोधा, असा सल्ला कोणी दिला तर तो बेकायदा काम करण्याचा सल्ला आहे, एवढे ओळखा. परदेशी नोकरीवर माणसे पाठवणाऱ्या एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. तुमच्या संस्थेचे नाव तिथे आहे का ते पाहा. नसेल, तर ‘नोकरीची हमी’ हे शब्द कोणत्या अधिकाराने छापले आहेत, असे तिला लेखी विचारा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की घरचेच बरोबर. अंशतः ते बरोबर आहेतच. पण ज्या शिकणाऱ्यांमुळे माझे वर्ग चालतात, त्यांचा मी अजून उल्लेखच केलेला नाही.

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात इंग्रजी शिकू पाहणारे प्रौढ जितके आहेत, तितके त्यांना नीट शिकवणारे नाहीत. महापे, ऐरोली, घणसोलीच्या कंपन्यांत हिशेबाचे, गोदामाचे, तांत्रिक मदतीचे काम करणारी जुन्नर, सातारा, जळगावची मुले कामात पक्की असतात, पण दर सोमवारच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत आणि म्हणून बढतीला मागे राहतात. घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांत मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला जाण्याचे टाळणाऱ्या आया आहेत. नेरूळ आणि खारघरच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका आहेत, ज्यांना परदेशी जाण्यासाठी आयेल्ट्स किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते. वाशीच्या बाजार समितीत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली व्यापाऱ्यांची मुले आहेत, ज्यांना निर्यातदाराशी बोलायचे असते. यांपैकी कोणीही आजवर मला पदवीचा कागद दाखवायला सांगितलेला नाही. त्यांचा प्रश्न एकच असतो, आणि तो बहुधा पहिल्या तासानंतर, चपला घालता घालता येतो : मॅडम, मला जमेल ना?

या प्रश्नाला खरे उत्तर देता येण्यासाठी जे लागते, ते पदवीने मिळत नाही आणि ऑनलाइन प्रमाणपत्रानेही मिळत नाही. काय लागते ते एका उदाहरणाने सांगते. महाप्याच्या एका कंपनीत हिशेबाचे काम करणारा एक तरुण माझ्या वर्गात सहज म्हणाला, ‘येस्टरडे आय हॅड गॉन टु डॉक्टर.’ नव्या शिक्षिकेने लगेच दुरुस्त केले : ‘हॅड गॉन नाही, वेंट म्हणा.’ त्याने मान डोलावली, वेंट म्हटले आणि पुढच्याच वाक्यात ‘ही हॅड गिव्हन मी टॅब्लेट्स’ असे बोलला. शिक्षिका वैतागली. तिच्याकडे इंग्रजी साहित्याची एम. ए. ही पदवी होती. पण तो तसे का बोलतो, हे तिच्या लक्षात आलेले नव्हते. आपण मराठीत ‘काल डॉक्टरकडे गेलो होतो’ असेच म्हणतो. ‘काल डॉक्टरकडे गेलो’ हेही चालते, पण गेलो, काम झाले, परत आलो, असे सांगताना ‘होतो’ जिभेवर आपसूक येते, आणि ‘होतो’च्या जागी तो ‘हॅड’ बसवतो. त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. मराठीचा नियम त्याने इमानाने पाळलेला असतो.

तेव्हा त्या तासाला मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. तिच्यावर दोन खुणा केल्या आणि दोन वाक्ये लिहिली. एक : व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट. दुसरे : व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट. मग नियम न सांगता विचारले, ठाण्याच्या दहा नंबरवर तुम्ही पोहोचलात. पहिल्या वाक्यात पनवेलची गाडी तुम्हाला दिसली का? दिसली. दुसऱ्या वाक्यात? नाही दिसली, आधीच गेली. मग ‘हॅड’ने काय काम केले? तो स्वतःच म्हणाला की दोन गोष्टींतली आधीची कुठली, ते दाखवले. मग पुढचा प्रश्न : डॉक्टरकडे गेलात, त्याच्या पुढे-मागे दुसरी कुठली गोष्ट सांगता आहात का? नाही. मग इथे ‘हॅड’ कशाला? यानंतर वर्गाने जोडीजोडीने आपापल्या कालच्या दिवसाविषयी दहा मिनिटे बोलायचे आणि एकमेकांचे अनावश्यक ‘हॅड’ बोटांवर मोजायचे. त्या दहा मिनिटांत मी एक शब्द बोलले नाही. असे प्रश्न विचारून अर्थ समजला की नाही ते तपासण्याला आमच्या व्यवसायात कन्सेप्ट चेकिंग म्हणतात. ‘समजले का?’ या प्रश्नाला आपला विद्यार्थी नेहमी ‘हो’च म्हणतो, म्हणून तो प्रश्न वर्गातून हद्दपार करावा लागतो.

हे तुम्हाला जमण्याची शक्यता चांगली आहे, कारण शिकणाऱ्याच्या डोक्यात कुठले मराठी वाक्य चालू आहे ते तुम्हाला ऐकू येते. ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ या वाक्यातून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ कसे जन्मते, ‘त्याला सांगितले’मधल्या ‘ला’मुळे ‘आय टोल्ड टु हिम’ कसे येते, हे लंडनहून आलेल्या शिक्षकाला कळायला वेळ लागेल. तुम्ही स्वतः त्या वाटेने आला आहात. आयेल्ट्सचे वर्ग घेणारे जे चांगले शिक्षक मी पाहिले, त्यांतले बरेच जण मराठी किंवा हिंदी माध्यमातले आहेत, हा योगायोग नाही.

मात्र फोनवरच्या नोकरीतून आलेल्या माणसांत दोन खोडी हमखास दिसतात, आणि त्या तुमच्यातही असतील असे धरून तपासा. पहिली अशी की ते फार बोलतात. ग्राहकाला बोलण्यात गुंतवून ठेवणे हे त्यांचे काम होते, पण वर्गात शिक्षक बोलतो तो वेळ विद्यार्थ्याच्या वाट्यातून जातो. आपला एखादा तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी ऐकताना आपण किती मिनिटे बोललो ते लिहून काढा. प्रौढांच्या संभाषणाच्या तासात ते निम्म्यापेक्षा जास्त भरले, तर तास तुमचा झाला, त्यांचा नाही. दुसरी खोड उच्चारांची. कंपनीत अमेरिकी ग्राहकासाठी जिभेला दिलेले वळण विद्यार्थ्यांवर लादण्याची गरज नसते. मीटिंगमध्ये समोरच्याला स्पष्ट कळेल असे बोलता आले की पुरे. त्यापेक्षा ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक, किंवा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे वेगळे उच्चार यांवर वेळ घालवला तर उपयोग होतो.

आता त्या १२० तासांविषयी. हा आकडा कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. या क्षेत्रात जगभर ज्याला मान आहे, ते केंब्रिजचे सेल्टा हे प्रमाणपत्रही १२० तासांचेच आहे. पण सेल्टामध्ये सहा तास खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना, किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, प्रशिक्षकाच्या डोळ्यांदेखत शिकवावे लागते. प्रत्येक तासानंतर तो प्रशिक्षक आणि सोबतचे उमेदवार काय जमले, काय फसले ते तोंडावर सांगतात. अनुभवी शिक्षकांचे तास पाहावे लागतात आणि चार लेखी कामे सादर करावी लागतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्टटेसॉलही याच घडणीचे आहे. या दोन्हींना पदवी सक्तीची नाही. उच्च शिक्षणाला प्रवेश मिळण्याइतके शिक्षण, म्हणजे आपल्याकडे बारावी, आणि उत्तम इंग्रजी असले की अर्ज करता येतो. मुलाखत आणि प्रवेशापूर्वीचे लेखी काम मात्र चांगलेच कस पाहणारे असते. सेल्टा आता ऑनलाइनही होतो, तेव्हा परगावी राहायला जावेच लागेल असे नाही.

तुम्हाला देऊ केलेल्या प्रमाणपत्रात यातले काय आहे? तुमच्या वर्णनावरून, चित्रफिती पाहायच्या आणि शेवटी बहुपर्यायी परीक्षा द्यायची. म्हणजे आकडा तोच, पण आतला गाभा गायब. विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचे पुस्तक पाठ करण्यासारखे ते आहे. त्यातून काही शब्द, काही पद्धतींची नावे कळतील, आणि ऑनलाइन मंचावर प्रोफाइल भरताना एक रकाना भरेल; यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. नुसते ज्ञानच तपासून घ्यायचे असेल, तर केंब्रिजची टीकेटी ही परीक्षा आहे. तिच्या मूळ तीन भागांपैकी प्रत्येकात ८० मिनिटांत ८० प्रश्न असतात, प्रवेशाची अट नसते, आणि निकाल पास-नापास असा न देता एक ते चार अशा पट्ट्यांत देतात. तीतही प्रत्यक्ष शिकवणे नाही, पण निदान परीक्षा घेणारी संस्था खरी आहे.

सेल्टाची फी लाखाच्या पुढे जाते, आणि तुम्ही नोकरी सोडण्याच्या बेतात आहात. म्हणून आजच तो करा, असे मी सांगणार नाही. माझ्या अनुभवात जे उमेदवार काही महिने शिकवून मग सेल्टाला गेले, त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला, कारण त्यांच्याजवळ अडलेले प्रश्न होते. कोरे गेलेले पहिल्या आठवड्यातच दमले.

तेव्हा तुमच्या जागी मी क्रम असा ठेवला असता. सर्वांत आधी स्वतःच्या इंग्रजीची पातळी तपासून घेतली असती. काउन्सिल ऑफ युरोप या संघटनेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषेच्या मापनात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, आणि शिक्षकाने निदान सी-१ वर उभे असावे असे मी मानते. ईएफ सेट ही चाचणी घरबसल्या मोफत देता येते. बोलणे सी-१ आणि वाचन-लेखन बी-२, असे तुमच्या बाबतीत निघाले तर दचकू नका. फोनवरच्या कामात लिहिणे कमी असते. रोज एखादे इंग्रजी वृत्तपत्र वाचणे आणि आठवड्याला दोन पाने लिहून केंब्रिजच्या मोफत ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ या साधनावर तपासणे, याने काही महिन्यांत फरक पडतो. व्याकरण मात्र शिकणाऱ्यासारखे न वाचता शिकवणाऱ्यासारखे वाचावे लागेल. म्हणजे ‘द’ कुठे येतो एवढ्यावर न थांबता, ‘द’ नसलेल्या भाषेतून आलेल्या माणसाला तो कसा पटवायचा, याचा विचार करत.

त्याचबरोबर नोकरी न सोडता चार ते सहा प्रौढांची एक बॅच सुरू करा, आठवड्याला दोन तास, दोन महिन्यांसाठी. कळव्यात, खारेगावात, विटाव्यात अशी माणसे तुम्हाला ओळखीतूनच मिळतील. फी नाममात्र ठेवा, पण फुकट शिकवू नका. फुकटच्या वर्गाला पावसाळ्यात कोणी येत नाही. प्रत्येक तासाची योजना एका पानावर लिहा : या तासानंतर विद्यार्थ्याला कोणती गोष्ट बोलता येईल, जी आता येत नाही? या एका प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तर तो तास घेऊ नका. आणि एखाद्या अनुभवी शिक्षकाला मागे बसून तास पाहण्याची विनंती करा. ठाण्यात असे करणारे लोक आहेत. पहिल्याने नकार दिला तर दुसऱ्याला विचारा. त्या प्रमाणपत्राच्या फीपैकी थोडी रक्कम अशा दोन-तीन निरीक्षणांच्या मानधनावर खर्च केलीत, तरी तुम्हाला जास्त मिळेल. घरात वर्ग घेणार असाल, तर सोसायटीला आधी कळवा. जिन्यातल्या चपलांवरून होणारी भांडणे इंग्रजीने मिटत नाहीत.

जाहिरातीविषयी एकच सांगते. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून जाताना ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा पाट्या दिसतात. तसे वचन देऊ नका. ए-२ पातळीवरचा माणूस आठवड्याला चार तास शिकून तीस दिवसांत फाडफाड बोलत नाही, आणि एकतिसाव्या दिवशी तोच तुमच्याविषयी गल्लीभर सांगतो.

इंग्रजी खरोखर परभाषा असलेल्यांना, म्हणजे जपान, तुर्कस्तान, सौदी अरेबिया इथल्या लोकांना शिकवायचे असेल, तर परदेशी न जाता ऑनलाइन मंचांवर ते करता येते. आयटॉकीवर ‘कम्युनिटी ट्यूटर’ म्हणून आणि प्रेप्लीवर शिक्षक म्हणून नाव नोंदवायला पदवी लागत नाही. पण हिशेब समजून घ्या : प्रेप्लीवर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाची पूर्ण रक्कम मंच घेतो, आणि पुढच्या तासांवर सुरुवातीला ३३ टक्के दलाली असते, जी शिकवलेले तास वाढले की १८ टक्क्यांपर्यंत उतरते. वेळेचेही गणित आहे. टोकियोत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार, रियाधमध्ये आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा, आणि साओ पावलोमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे आपली पहाटेची साडेतीन. ऐरोलीतल्या रात्रपाळ्या केलेल्या माणसाला हे नवे नाही, पण त्यातून सुटण्यासाठीच नोकरी सोडत असाल तर जपान बरा. एकाच देशावर मात्र सगळा भार टाकू नका. जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि देशाबाहेरून शिकवणाऱ्या शिक्षकांवर बंदी घातली, तेव्हा त्या एका बाजारावर पोट असलेल्या हजारो ऑनलाइन शिक्षकांचे काम काही आठवड्यांत गेले.

राहिली पदवी. बोलण्याचे वर्ग आणि ऑनलाइन शिकवणे यांसाठी तुम्हाला ती आज लागत नाही. शाळेच्या वरच्या वर्गांसाठी, मोठ्या संस्थांसाठी आणि परदेशासाठी ती लागते, आणि तिशीनंतर तुमचे मन तिकडे वळणारच नाही याची खात्री आज तुम्हालाही नाही. म्हणून पदवी घ्या, पण तिच्यासाठी शिकवणे लांबवू नका. तुमचे पहिले वर्ष मुंबई विद्यापीठातून उत्तीर्ण झालेले असेल, तर विद्यापीठाच्या दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्रात, जे पूर्वी आयडॉल या नावाने ओळखले जायचे, दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो का ते आधी विचारा. तसे झाले तर एक वर्ष वाचते. बी. कॉम.ऐवजी इंग्रजी घेऊन बी. ए. करावे असे वाटत असेल, तर इग्नू आहे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. इग्नूत जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात, आणि तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पुरवून पुरा करता येतो, जे शिकवणाऱ्या माणसाला फार सोयीचे पडते. बी. कॉम. झाले तरी शिकवण्यात अडचण येत नाही. परदेशी व्हिसासाठी पुष्कळदा विषय कोणता यापेक्षा पदवी आहे की नाही हे पाहतात. शाळेत इंग्रजीचा शिक्षक व्हायचे असेल, तरच इंग्रजी विषय घेऊन पदवी आणि मग बी. एड. हा रस्ता धरा.

‘एका महिन्यात पदवी’ देणाऱ्यांपासून लांब राहा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, आणि दूरशिक्षणाचा प्रत्येक अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने मान्य केलेला असावा लागतो. दोन्ही गोष्टी प्रवेशापूर्वी पाहता येतात. विद्यार्थ्याने शिक्षण विचारलेच, तर बारावी आणि सध्या पदवी चालू, असे सरळ सांगा.

सवलतीच्या मुदतीची काळजी सोडा. अशा संस्थांची पुढची सवलत बहुधा पुढच्याच महिन्यात असते. त्याऐवजी या आठवड्यात महाविद्यालयात जाऊन पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि सोडल्याचा दाखला मागून घ्या. बरीच वर्षे उलटली असतील तर दुय्यम प्रत मिळायला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या खिडकीवर पहिली मागणी त्याच दोन कागदांची होते.